जांभूळटेकच्या विरोधाचे मार्क

मेरीबाईंनी आपला काळा परकर फाडून त्याचे झेंडे केले. परकर अजून दोन वर्षं सहज चालला असता. कापड फाडताना त्यांनी आवाज मुद्दाम मोठा काढला, कारण तो ज्याला ऐकवायचा होता तो माणूस समोरच खुर्चीत बसून दाढी करत होता.

"अहो, ऐकताय ना? आज तोंडातून एक जरी गोड शब्द निघाला, तर जेवायला घरी येऊ नका."

"मी कशाला गोड बोलेन?" गालाला साबण फासत आमोस सर म्हणाले. "माझी चार एकर चालली आहे. आज मी आग ओकणार आहे, आग!"

"ओका. फक्त ओकायच्या आधी त्या पुण्याच्या बाईला 'माननीय' म्हणू नका."

हा टोमणा उगाच नव्हता. आमोस साळवे सर मिशनच्या शाळेतून निवृत्त झाले होते, पण माईकमधून कधीच निवृत्त झाले नव्हते. नेवाशाच्या आसपास लग्न असो, सप्ताह असो, नाताळचा मेळावा असो की दहाव्याचा कार्यक्रम, सूत्रसंचालनाला आमोस सरच लागत. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला कुणीतरी साखरेच्या पाकातून काढतंय. एका शोकसभेत त्यांनी मयताचंही 'हार्दिक स्वागत' केलं होतं, असं लोक अजून सांगतात. सर ते नाकारतात, पण फार जोरात नाकारत नाहीत.

जांभूळटेकच्या शिवारात एक कंपनी उन्हापासून वीज करणार होती. त्यासाठी गावाची निम्मी जमीन संपादनात धरली होती आणि त्या निम्म्यात सरांची चार एकर विहिरीसकट येत होती. सरांचा बाप मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा धुवून त्याने ही जमीन घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः पहार मारून विहीर पाडली. ज्या घराण्यात आधी कुणाच्या नावावर खुंटीएवढी जागा नव्हती, त्या घराण्याची ही जमीन. सर दुसऱ्या कुठल्याही विषयावर तासभर बोलत, पण या जमिनीबद्दल बोलायला गेले की त्यांचा आवाज बसायचा.

तर कंपनीने जमीन घेण्याआधी, गावात विरोध किती आहे ते मोजायला एक बाई पुण्याहून येणार होत्या. विरोध मोजतात कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पायलीनं की फूटपट्टीनं, यावर पारावर बरीच चर्चा झाली. शेवटी सरपंच गोजरबाईंनी निकाल दिला, "कशानं बी मोजू द्या. आपन भरपूर दावायचा. सर, माईक तुमच्याकडं. तुमच्यावानी बोलनारा दुसरा हाय कोन?"

इथेच पहिली चूक झाली.

ग्रामपंचायतीपुढच्या मंडपात सगळं गाव जमलं. प्रत्येकाच्या हातात मेरीबाईंच्या परकराचा एकेक तुकडा. सरांच्या शेताला लागून शेत असलेले रंगनाथ पुढे उभे राहून मिशांवर हात फिरवत होते. बांधावरच्या चिंचेवरून त्या दोघांची बापांच्या काळापासून तेढ होती, पण आज ती बाजूला ठेवायची असं ठरलं होतं. गाडी आली. गाडीतून अश्विनी मॅडम उतरल्या, हातात टॅब, डोळ्यांवर धुळीने भरलेला चष्मा, चेहरा बिचारा साधा. त्या मंडपात आल्या आणि बसायला खुर्ची शोधू लागल्या.

समोर पाहुणा, पाठीशी गर्दी, हातात माईक. सरांचं यंत्र आपोआप सुरू झालं.

"पुण्यनगरीहून आपला बहुमोल वेळ काढून आलेल्या, आजच्या या कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्या, माननीय अश्विनी मॅडम! त्यांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया!"

टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. लोकांनी झेंडे काखेत मारले आणि टाळ्या वाजवल्या. गोजरबाईंना खुर्चीवर धूळ दिसली, त्यांनी आपल्या झेंड्याने खुर्ची पुसली. पुढचं तर सवयीनेच झालं. सरांनी "सत्कार" हा शब्द उच्चारला आणि पंचायतीच्या कपाटातून शाल बाहेर आली.

या शालीबद्दल सांगायला हवं. पंचायतीकडे सत्काराची शाल एकच होती. पाहुण्याने ती क्षणभर खांद्यावर घ्यायची, फोटो काढायचा आणि निघताना खुर्चीच्या पाठीवर विसरायची, अशी पद्धत होती. आमदारापासून पशुवैद्यापर्यंत सगळे ती इमानेइतबारे विसरत आले होते. शाल धुण्याचं आणि इस्त्रीचं काम मेरीबाईंकडे होतं. एकदा दारात गवळी आला म्हणून इस्त्री जरा जास्त टेकली आणि एका कोपऱ्याला तपकिरी त्रिकोण उमटला. तेव्हापासून त्रिकोण आत जाईल अशी घडी घालायची रीत पडली होती.

मॅडमच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाला. मागच्या रांगेतून मेरीबाईंनी कपाळावर मारलेला हात फोटोत आला नाही.

मॅडम भारावून बोलायला उभ्या राहिल्या. "खरं सांगू? मी खूप गावं फिरले. एवढं प्रेम कुठंच मिळालं नाही. आता माझं काम सांगते. मी विरोधाला मार्क देते. शून्य म्हणजे विरोध नाही. एक म्हणजे कुरकुर. दोन म्हणजे निवेदन. तीन म्हणजे लोक रस्त्यावर. चार म्हणजे तोडफोड. पाच म्हणजे मारामारी. तीन किंवा त्याच्या वर गेलं, की कर्ज देणारी मंडळी त्या गावातून अंग काढून घेतात आणि कंपनी दुसरीकडे जाते."

लोकांनी काखेतले झेंडे हळूच बाहेर काढले.

"मग आमचं किती झालं?" गोजरबाईंनी घसा साफ करून विचारलं.

मॅडमनी हसून टॅबवर बोट ठेवलं. "शून्य. अभिनंदन!"

"मॅडम, आमचा विरोध हाय की!" रंगनाथ ओरडले. "लई विरोध हाय!"

"असेलही, काका. पण मला जे दिसतं तेच लिहिता येतं. पंधरवड्यानं मी पुन्हा पडताळणीला येणार आहे."

त्या गेल्या, आणि जाताना शाल खांद्यावर घेऊनच गेल्या. पुण्याच्या माणसाला पद्धत कुठली ठाऊक असायला! गाडी वळणाआड होईपर्यंत गोजरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "शून्य दिलं ते दिलं," त्या म्हणाल्या, "वर शाल बी नेली."

सर त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. विहिरीच्या काठावर बसले. रात्री मेरीबाईच डबा घेऊन आल्या.

"मुद्दाम नाही गं केलं," सर पाण्याकडे बघत म्हणाले. "तोंड उघडलं की तेच येतं."

"माहीत हाय. लग्नाला नकार द्यायला आला होतात माझ्या बापाकडं, आन् आभार मानून होकार देऊन गेलात. खा आता."

चूक निस्तरायची म्हणून सरांनी निवेदनाचं काम अंगावर घेतलं. निवेदनाला दोन मार्क, दोनवर एक चढवला की तीन. रात्र जागून त्यांनी खरमरीत निवेदन लिहिलं आणि एक प्रत मॅडमना पाठवली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"सर, फार सुंदर अक्षर. पण यात विरोध कुठे आहे?"

"तिसऱ्या परिच्छेदात आहे ना! 'आपल्या निर्णयाने आमच्या मनास किंचित वेदना होत आहेत.'"

"हो, पण सुरुवात 'सविनय सादर' आहे. आणि शेवटी तुम्ही कंपनीला पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्यात."

सरांनी प्रत काढून पाहिली. दिल्या होत्या. वाटचालीच्या आधी 'उज्ज्वल' असंही लिहिलं होतं.

मग रास्ता रोको ठरला. रस्त्यावर उतरलं की थेट तीन. नेवाशाच्या रस्त्यावर भर उन्हात गाव आडवं बसलं. पहिली एसटी थांबली, तिच्या मागे दोन टेम्पो, त्यांच्या मागे शिर्डीला निघालेली एक जीप. घोषणांचं काम या वेळी सरांकडे नव्हतं. त्यांना फक्त माईक धरायला सांगितला होता. पण एसटीच्या खिडकीतून एका म्हातारीने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं वो बाबा?" आणि सरांना राहवलं नाही.

"प्रवासी बंधू-भगिनींनो, आपल्या गैरसोयीबद्दल जांभूळटेक ग्रामस्थ दिलगीर आहेत. उन्हाचा त्रास होत असल्यास कृपया पाणी मागून घ्यावे."

आता पाणी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? पोरींनी हंडे आणले. पाण्याबरोबर कुणी गूळ आणला. एसटीचा ड्रायव्हर उतरून सावलीला बसला, त्याला वाटलं कुणाची तरी पुण्यतिथी असावी. पोलीस आले तेव्हा त्यांनाही गुळाचा खडा मिळाला. वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोसकट: 'तहानलेल्या प्रवाशांसाठी जांभूळटेककर धावले.' मॅडमनी ती बातमी पाहून सरांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मार्क शून्यच राहिले.

आता मात्र गाव सरांवर उलटलं. चहाच्या टपरीवर ते गेले की बोलणी थांबत. कुणी उघड शिवी देत नव्हतं, कारण शिवी द्यावी तर सर "धन्यवाद" म्हणतील अशी भीती होती. एवढ्या मोठ्या संकटात आपल्या हातून गावाला एवढीच मदत व्हावी, याची सरांना मनापासून लाज वाटली. लोक जमीन जाईल म्हणून घाबरले होते. सरांना जमीन जाण्याची भीती होतीच, शिवाय ती आपल्या जिभेमुळे जाईल ही भीती वेगळी. ते रोज संध्याकाळी विहिरीपाशी जाऊन एकटेच "चालते व्हा" म्हणायचा सराव करत. विहिरीतून येणारा प्रतिध्वनीसुद्धा आदरयुक्त येई.

पडताळणीच्या दिवशी गोजरबाईंनी माईक रंगनाथांच्या हातात दिला आणि सरांना मागच्या बाकावर बसवलं. "सर, तुमी फकस्त बसा. टाळ्या बी वाजवू नका."

मॅडम आल्या. त्यांचं स्वागत कुणी केलं नाही. खुर्ची पुसली नाही. रंगनाथांनी माईक तोंडाला लावला आणि गरजले, "आमी जमीन देनार न्हाई! ढेकूळसुदिक देनार न्हाई!" लोकांनी आरोळी ठोकली. मॅडमनी मान वर केली, बोट टॅबवर गेलं. मेरीबाईंच्या जिवात जीव आला.

रंगनाथांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात आला होता आणि जन्मभर त्यांनी भांडणाचा सराव एकाच माणसाबरोबर केला होता.

"माझी सा एकर हाय, मॅडम! बाजूला ह्या मास्तरची चार. मधी बांध. बांधावर चिंच. ती चिंच बी आमचीच हाय, ती बी देनार न्हाई!"

मागून सर नम्रपणे म्हणाले, "रंगनाथराव, चिंच आमची आहे. पण आज तो विषय नाही."

"विषय कसा न्हाई? बापानं माझ्या लावली!"

"माझ्या वडिलांनी लावली. आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? बगा लोकहो, कसं ग्वाड बोलतोय! ह्याच्या ग्वाड त्वांडानं गाव घालीवलं. ह्यो कंपनीला फितूर हाय! ह्याच्या बापाला तरी जमिनीची काय किंमत? दवाखान्यात पट्ट्या बांधनारा मानूस!"

सर उठले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पुढची माणसं आपोआप बाजूला झाली. सरांनी माईक रंगनाथांच्या हातातून ओढला, आणि लोकांना वाटलं आता ते आभार मानणार. सरांनी तो माईक रंगनाथांच्या टाळक्यात हाणला. स्पीकरमधून असा आवाज आला, की पार शिवारातल्या चिंचेवरचे बगळे उडाले.

मग दोघे धुळीत लोळले. रंगनाथांनी सरांचा सदरा फाडला, सरांनी रंगनाथांच्या मिशीला हात घातला. तोंडाने "अहो, सोडा, अहो, सोडा" असं म्हणत सर गुद्दे मारत होते. सोडवायला गेलेले दोघेतिघे एकमेकांनाच भिडले, कारण बांध काही एकाच शेताला नव्हते. कुणाची पाणंद निघाली, कुणाचा पाट निघाला. मॅडम खुर्ची घेऊन भिंतीला टेकल्या आणि भराभर टॅबवर लिहू लागल्या.

"किती?" गर्दीतून गोजरबाई ओरडल्या. "मॅडम, किती झाले?"

"पाच!" मॅडम कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "बाई, पाच झाले! आता थांबवा!"

भांडण जागच्या जागी थांबलं. मग जो जल्लोष झाला तो गावच्या जत्रेतही होत नाही. सरांना आणि रंगनाथांना लोकांनी खांद्यावर घेतलं. रंगनाथांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. वरूनच त्यांनी सरांचा हात धरला. "मास्तर, लई भारी हानलात. बापाचं बोललो ते चुकलं माझं." संध्याकाळी त्यांनी घरी चिंचेची पाटी पाठवली. मेरीबाईंनी त्या दिवशी पुरणपोळी केली, आणि सरांनी तीन खाल्ल्या. जमीन वाचली होती. बापाची विहीर वाचली होती. पलंगावर पडल्यावर ते म्हणाले, "मेरी, एक शिवी पण दिली मी." "ऐकली," मेरीबाई म्हणाल्या, "शिवीच्या आधी 'कृपया' म्हणालात."

अहवाल पावसाळ्याच्या तोंडाशी आला. गोजरबाईंनी तो मोठ्याने वाचायला सरांनाच बोलावलं, कारण वाचणारा गावात दुसरा तेवढा चांगला नव्हता. सर त्यांच्या त्या सुंदर आवाजात वाचू लागले.

"मौजे जांभूळटेक. प्रकल्पाला विरोध: शून्य. ग्रामस्थ अत्यंत अगत्यशील. सोबत सत्काराचे छायाचित्र जोडले आहे." सर थांबले. मग त्यांनी पुढचं वाचलं. "जमीनधारकांमधील आपसातील तंटा: पाच. अतितीव्र. कारण: शेतांचे बांध. प्रकल्पासाठी सर्व बांध काढून जमीन सपाट केली जाणार असल्याने हा तंटा कायमचा मिटेल. सबब, हे गाव पहिल्या टप्प्यात घेण्याची शिफारस करण्यात येते."

रंगनाथांनी कपाळावरची खूण चाचपली. टेंगूळ कधीच उतरलं होतं, खूण तेवढी राहिली होती.

पुढचं सगळं झटपट झालं. सरकारी काम सहा महिने थांब, ही म्हण कुणाच्या कामाला लागू असते आणि कुणाच्या नाही, ते गावाला त्या वर्षी कळलं. नोटिसा आल्या, खुणेचे दगड आले, आणि भूमिपूजनाची तारीख ठरली. मंडप सरांच्याच शेतात पडला, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. सूत्रसंचालनाचं बोलावणंही सरांनाच आलं.

"जाऊ नका," मेरीबाई म्हणाल्या.

"जाणार. आज मला काही मोजून घ्यायचं नाही. आज मी बोलणार आहे."

आणि सर खरोखर बोलले. व्यासपीठावर कंपनीचे साहेब बसले होते, परप्रांतातले, मराठीचा गंध नसलेले. शेजारी अश्विनी मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. सरांनी माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि आयुष्यभर साठलेलं बाहेर काढलं.

"साहेब, तुमच्या खुर्चीखाली माझ्या बापाची जमीन आहे. दुसऱ्यांचा पू पुसून त्याने ती घेतली. ती विहीर त्याने स्वतः खोदली, ती तुम्ही बुजवणार आहात. तुम्ही आमचं भलं करायला आलेला नाहीत. तुम्ही चोर आहात!"

इथे सरांना दम लागला. सगळी हयात ज्या जागी ते टाळ्यांसाठी थांबत आले होते, नेमके त्याच जागी ते थांबले. आणि गावाने, सवयीप्रमाणे, टाळ्या वाजवल्या. साहेबांना सरांचा आवाज फार आवडला होता. त्यांनी उठून हात जोडले आणि चारी बाजूंना हसून मान लववली.

"आणि चोराला खुर्ची पुसून देणारे आम्ही महामूर्ख आहोत," सर म्हणाले. पुन्हा टाळ्या.

खाली उतरल्यावर सर मॅडमपुढे उभे राहिले. "मॅडम, आत्ता जे बोललो, त्याला किती?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरंच होतं. "सर, मोजणी बंद झाली. आता काही भरता येत नाही."

एवढ्यात साहेबांनी सरांना वर बोलावून घेतलं. कंपनीच्या माणसाने खोक्यातून शाल काढली आणि साहेबांनी ती सरांच्या खांद्यावर घातली. शाल उलगडताना कोपरा वर आला. कोपऱ्यावर तपकिरी त्रिकोण होता. सत्काराच्या शाली अशाच फिरत असतात, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. ही पुण्याला जाऊन कुणाकुणाच्या कपाटात राहून आली, ते देव जाणे. सर फोटोपुरते उभे राहिले. या वेळी शाल खुर्चीच्या पाठीवर विसरायचं त्यांना सुचलं नाही.

घरी मेरीबाईंनी शाल पाहिली आणि ओळखली. त्या काही म्हणण्याआधीच दारात गोजरबाई आल्या. चपला बाहेर काढून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मेरीबाई, शाल आली म्हनं आपली. बरं झालं. उद्या कंपनीचे मालक येनार हायेत, विहिरी कुटं बुजवायच्या ते बगायला. मोकळ्या हातानं कसं उबं ऱ्हायचं वो त्यांच्याम्होरं? आन् सर, तुमीच बोला चार शब्द."

सरांनी तोंड उघडलं, आणि सवयीने त्यात "अवश्य" आलंच होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"देते की, ताई," मेरीबाई म्हणाल्या. "पर घडी मोडलीय. जरा इस्त्री फिरवते."

त्यांनी टेबलावर शाल पसरली, सगळ्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, इस्त्री पुरती तापू दिली आणि शालीच्या बरोबर मधोमध टेकवली. मग पदराला हात पुसून त्या आमोस सरांच्या शेजारी येऊन बसल्या.

"अगं बया, जळतंय की!" गोजरबाई दारातून म्हणाल्या.

खोलीत धूर भरू लागला होता. सरांनी हात लांबवला तर इस्त्रीचं बटण सहज हाताशी येत होतं. त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"बसा, सरपंचबाई," ते म्हणाले. "होऊ द्या."